एअर डेक्कनच्या इतिहासावर तासाभराचे जाहीर व्याख्यान: मांडणी कशी करावी?

करवीरकर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत यंदा एक पुष्प 'एअर डेक्कन: एका छोट्या विमान कंपनीचा इतिहास' या विषयावर ठेवले आहे. वक्ते विमान वाहतुकीचे अभ्यासक आहेत, पण जाहीर सभेत बोलण्याची त्यांना सवय नाही. मांडणी, चित्रफिती आणि सभागृहाची व्यवस्था आम्हा कार्यकर्त्यांवर सोपवली आहे. वेळ ५० मिनिटे, त्यानंतर २० मिनिटे प्रश्नोत्तरे.

श्रोते दोनशेच्या आसपास असतील. निवृत्त शिक्षक, उद्यमनगरातले कारखानदार, अभियांत्रिकीची मुले आणि उजळाईवाडीच्या विमानतळाबद्दल जिव्हाळा असलेली सर्वसाधारण मंडळी. यातल्या बहुतेकांना एक रुपयाचे तिकीट आठवते आणि कंपनी बंद पडली हे माहीत असते. मधले काहीच माहीत नसते.

विचारायचे ते असे. पन्नास मिनिटांत कुठून सुरुवात करून कुठे थांबावे? विमानाचे तांत्रिक भाग सामान्य माणसाला कसे सांगावेत? विश्वासार्ह कागदपत्रे कुठे मिळतील? आणि कोल्हापूरचा भाग किती ठेवावा? तो ठेवला नाही तर लोक नाराज होतील, जास्त ठेवला तर मूळ विषय बाजूला पडेल.

जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

फळीवरचा_इतिहास

विषय उत्तम आहे. पहिली सूचना: संस्थापकांच्या जीवनकथेने सुरुवात करू नका. कॅप्टन गोपीनाथ लष्करातून बाहेर पडले, शेती केली, हेलिकॉप्टर सेवा काढली, हे सारे खरे आणि मोलाचे आहे. पण त्यांच्या आयुष्यावर बेतलेला चित्रपट लोकांनी पाहिलेला असतो आणि चित्रपटातले प्रसंग ते इतिहास म्हणून धरून बसलेले असतात. त्या वाटेने गेलात तर निम्मा वेळ 'हे खरे घडले का' यातच जाईल. व्यक्तीला सात-आठ मिनिटे द्या. बाकीचा वेळ विमान, धावपट्टी आणि खुर्ची यांना द्या. छोट्या विमान कंपनीचा इतिहास म्हणजे शेवटी दिवसाला किती खेपा झाल्या आणि किती खुर्च्या भरल्या याचाच इतिहास असतो.

दुसरे, नावांचा गोंधळ पहिल्या पाच मिनिटांत मिटवा. हैदराबाद संस्थानातली डेक्कन एअरवेज ही वेगळी कंपनी. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती इतर कंपन्यांबरोबर इंडियन एअरलाइन्समध्ये गेली. तिचा एअर डेक्कनशी काही संबंध नाही. डेक्कन एव्हिएशन ही १९९५ मध्ये स्थापन झालेली हेलिकॉप्टर भाड्याने देणारी कंपनी, बेंगळुरूच्या जक्कूर तळावरून चालायची. एअर डेक्कन हा तिचाच प्रवासी सेवेचा व्यवसाय, ऑगस्ट २००३ पासूनचा. आणि २०१७ मध्ये उडान या छोट्या शहरांसाठीच्या सरकारी विमानसेवा योजनेत उतरलेली एअर डेक्कन ही चौथी गोष्ट: नाव जुने, संस्थापक तेच, पण कंपनी डेक्कन चार्टर्स, विमाने वेगळी, धंद्याचे गणितही वेगळे. एका फळीवर ही चार नावे आणि त्यांची वर्षे लिहून ठेवा. ती फळी पूर्ण वेळ मंचाच्या कडेला राहू द्या. पडद्यावरचे चित्र बदलते, फळी बदलत नाही. श्रोता हरवला की तो तिकडे पाहतो.

कालक्रम मी असा धरला असता. १९९४ मध्ये जुना कायदा रद्द होऊन खासगी कंपन्यांना नियमित सेवेची वाट मोकळी झाली, तिथून सुरुवात. ईस्ट वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त या नावांची केवळ ओळख करून द्यायची. ऑगस्ट २००३ मध्ये बेंगळुरू–हुबळी उड्डाण, एटीआर ४२ हे पंख्यांचे छोटे विमान. २००४ मध्ये एअरबस ए३२० आले. हे वळण फार महत्त्वाचे आहे आणि बहुतेक वक्ते ते एका वाक्यात उरकतात. तोवर कंपनी ज्या गावांना कुणी विचारत नव्हते तिथे जात होती. एअरबस आल्यावर ती दिल्ली–मुंबई–बेंगळुरू अशा मोठ्या मार्गांवरही उतरली. २००५ च्या मे महिन्यात किंगफिशर आणि स्पाइसजेट, नोव्हेंबरमध्ये गोएअर, ऑगस्ट २००६ मध्ये इंडिगो. पंधरा महिन्यांत चार नवे प्रतिस्पर्धी, तेही मोठ्या मार्गांवर. हुबळीला एकट्याने जाणे आणि मुंबई–दिल्लीवर पाच जणांत भाडे पाडणे हे दोन वेगळे धंदे आहेत. एकाच कंपनीने ते एकाच वेळी केले, एवढे श्रोत्याला कळले तर व्याख्यान सार्थकी लागले.

मे २००६ मधली समभाग विक्री जरूर घ्या. मागणी न आल्याने दरपट्टा खाली आणावा लागला आणि मुदत वाढवावी लागली. २००७ च्या मध्यास किंगफिशरची मालकी असलेल्या यूबी समूहाने २६ टक्के हिस्सा घेतला, समभागामागे १५५ रुपये दराने. २००८ मध्ये ब्रँडचे नाव किंगफिशर रेड झाले.

इथे एक मुद्दा आवर्जून समजवा. कागदोपत्री किंगफिशर ही डेक्कन एव्हिएशनमध्ये विलीन झाली, उलट नाही. नंतर त्या कंपनीचे नाव बदलून किंगफिशर एअरलाइन्स ठेवले गेले. कारण परदेशी उड्डाणांसाठी तेव्हा पाच वर्षांची देशांतर्गत सेवा आणि वीस विमाने अशी अट होती. किंगफिशरला पाच वर्षे व्हायला मे २०१० उजाडला असता. डेक्कनची पाच वर्षे ऑगस्ट २००८ मध्ये भरली. ३ सप्टेंबर २००८ ला बेंगळुरू–लंडन उड्डाण झाले. या तीन तारखा एकाखाली एक दाखवा, वेगळे भाष्य करायची गरज पडणार नाही.

सप्टेंबर २०११ मध्ये किंगफिशरने स्वस्त सेवा बंद करत असल्याचे जाहीर केले. २००३ पासूनचा धागा तिथे संपतो. उडानचा भाग शेवटी, दहा मिनिटांत.

टर्बोप्रॉप

वरच्या प्रतिसादाशी सहमत. तांत्रिक भागाचे लिहितो, कारण कोल्हापूरचा खरा संबंध तिथेच लागतो. कोल्हापूरसाठी वेगळे प्रकरण करू नका. तांत्रिक भागातले प्रत्येक उदाहरण कोल्हापूरचे घ्या, म्हणजे दोन्ही साधेल.

पहिले उदाहरण धावपट्टीचे. त्या काळात उजळाईवाडीची धावपट्टी १,३७० मीटर होती. समुद्रसपाटीला, प्रमाण तापमानात, पूर्ण वजनाने उडायला एटीआर ४२ ला साधारण १,१०० ते १,२०० मीटर लागतात, एटीआर ७२ ला १,३०० च्या आसपास, ए३२० ला २,१०० च्या घरात. हे तीन आडवे पट्टे एकाच प्रमाणात काढा आणि खाली उजळाईवाडीचा पट्टा ठेवा. ए३२० का येत नव्हते हे कुणाला सांगावे लागणार नाही.

पण तिथे थांबू नका. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, म्हणजे जवळपास २,००० फुटांवर आहे. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ अंश धरतात. मे महिन्यात दुपारी ३७ अंश असेल तर फरक २६ अंशांचा. ढोबळ नियम असा की प्रत्येक जादा अंशाला १२० फूट मिळवायचे. २६ गुणिले १२० म्हणजे ३,१२०. त्यात मूळचे २,००० मिळवले की सुमारे ५,१०० फूट. म्हणजे विमानाच्या पंखाला आणि इंजिनाला त्या दुपारी आपण ५,१०० फुटांवर असल्यासारखी विरळ हवा मिळते. धावण्याचे अंतर वाढते, आणि धावपट्टी तेवढीच असल्याने वजन कमी करावे लागते. आधी सामान उतरते, मग इंधनाचा विचार होतो, मग खुर्च्या रिकाम्या ठेवाव्या लागतात. विमान दिसायला भरलेले नसते, पण त्या हवेत ते भरलेलेच असते. हे गणित फळ्यावर खडूने करा. पडद्यावर तयार उत्तर दाखवू नका. अभियांत्रिकीची मुले वहीत करून पाहतील आणि कारखानदार मंडळींना तर असे आकडे फार आवडतात.

दुसरे उदाहरण अग्निशमनाचे, जे कुणीच सांगत नाही. विमानतळाची अग्निशमन श्रेणी मुख्यत्वे विमानाच्या लांबीवर ठरते. १९ आसनी बीचक्राफ्ट १९०० डी साडेसतरा मीटरच्या थोडे पुढे, श्रेणी ३. एटीआर ४२ पावणेतेवीस मीटर, श्रेणी ४. एटीआर ७२ सव्वासत्तावीस, श्रेणी ५. ए३२० साडेसदतीस, श्रेणी ६. आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे श्रेणी ५ पर्यंत एक बंब चालतो, श्रेणी ६ ला दोन लागतात, आणि पाण्याचा साठा व माणसे त्या प्रमाणात वाढतात. छोट्या विमानतळाचा रोजचा खर्च इथे ठरतो. दिवसाला एक विमान येणार असेल तर दुसरा बंब आणि त्याचे कर्मचारी कुणाच्या जिवावर पोसायचे?

तिसरे, एटीआर हेच विमान का? त्याला वेगळे सहायक वीज इंजिन नसते. जमिनीवर उजवे इंजिन चालू ठेवून त्याच्या पंख्याला ब्रेक लावतात. पंखा थांबलेला, इंजिन चालू, वीज आणि वातानुकूलन सुरू. प्रवासी मागच्या दाराने विमानाच्याच जिन्यावरून उतरतात, सामान पुढच्या दारातून निघते. बाहेरचा जिना नको, वीज पुरवणारी गाडी नको. वीस-पंचवीस मिनिटांत विमान परत उडायला तयार. इंधनाचे म्हणाल तर एटीआर ७२ तासाला साधारण ६५० ते ७०० किलो जाळते, ए३२० सुमारे २,४०० किलो. कोल्हापूर–मुंबई हवाई अंतर तीनशे किलोमीटरच्या थोडे पुढे. एवढ्या अंतरात जेट फार तर पंधरा मिनिटे वाचवते. ती पंधरा मिनिटे या इंधनाच्या बदल्यात परवडत नाहीत.

सरकारी धोरणाचाही हातभार होता. ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना उतरण्याचे शुल्क माफ, आणि लहान टर्बोप्रॉप, म्हणजे एटीआरसारख्या पंख्याच्या इंजिनांच्या, विमानांच्या इंधनावर राज्यांच्या चढ्या विक्रीकराऐवजी ४ टक्के. हे दोन आकडे सांगितल्याशिवाय छोटी विमाने मार्गावर कशी टिकली हे समजत नाही.

करवीरकर

दोघांचेही मनापासून आभार. फळीची आणि धावपट्टीच्या पट्ट्यांची कल्पना लगेच वक्त्यांना कळवली. एक शंका: एक रुपयाच्या तिकिटाबद्दल प्रश्न येणारच. 'फुकट वाटले म्हणून बुडाले' असे लोक ठामपणे म्हणतात. याला थोडक्यात, पण खरे उत्तर काय द्यावे?

टर्बोप्रॉप

आधी हे स्पष्ट करा की एक रुपया हे मूळ भाडे होते. प्रवासी सेवा शुल्क आणि कर वेगळे पडत, त्यामुळे प्रत्यक्ष देणे काही शे रुपये होई. आणि अशा खुर्च्या प्रत्येक उड्डाणात मोजक्याच असत.

मग हे गणित मांडा. आकडे समजावण्यापुरते आहेत, कंपनीचे नाहीत, हे आधीच सांगा. एका खेपेचा खर्च १,२०,००० रुपये धरा, खुर्च्या ४८. विमान पूर्ण भरले तर खुर्चीमागे २,५०० रुपये पडतात. आता पाच खुर्च्या एक रुपयाने द्या. उरलेल्या ४३ जणांवर खर्च वाटला तर प्रत्येकी सुमारे २,७९०. फरक तीनशेच्या आत. याउलट सगळी तिकिटे पूर्ण दराची, पण प्रवासी ३४ च. तर प्रत्येकी सुमारे ३,५३०. फरक हजाराच्या वर. म्हणजे नुकसान एक रुपयाच्या खुर्चीने फारसे होत नाही, रिकाम्या खुर्चीने होते. त्या पाच खुर्च्यांची जाहिरात ऐकून बाकीच्या भरत असतील तर तो सौदा फायद्याचाच.

तो तोट्यात गेला तो मोठ्या मार्गांवर. तिथे सगळ्यांनीच सरासरी भाडे खेपेच्या खर्चाखाली नेले. तेव्हा विमान पूर्ण भरले तरी पैसे निघेनात. त्यात इंधन महाग होत गेले, जुलै २००८ मध्ये कच्चे तेल पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत पोहोचले.

आणखी एक गणित अवश्य घ्या, खेपांचे. एसटीची पहिली गाडी उशिरा सुटली की त्या गाडीच्या दिवसभराच्या खेपा घसरतात, तसेच इथे. समजा विमान सकाळी ६:३० ला मुंबईहून निघाले. हवेत एक तास दहा मिनिटे, जमिनीवर पंचवीस. म्हणजे दर १ तास ३५ मिनिटांनी पुढचे उड्डाण. सातवी खेप १६:०० ला सुटून १७:१० ला कोल्हापुरात, आठवी १७:३५ ला परत. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, आणि त्या काळी उजळाईवाडीला रात्रीच्या उड्डाणांची सोय नव्हती. आता सकाळी मुंबईत गर्दीमुळे चाळीस मिनिटे गेली. सातवी खेप १७:५० ला पोहोचणार, परतीचे उड्डाण १८:१५ ला, म्हणजे अंधारात. त्यामुळे सातवी आणि आठवी दोन्ही रद्द. आठांतल्या दोन खेपा गेल्या, चौथाई उत्पन्न गेले, पण विमानाचे भाडे आणि वैमानिकांचे पगार पूर्ण. मुंबईतल्या चाळीस मिनिटांचे कोल्हापुरात रद्द उड्डाण कसे होते, हे इथल्या लोकांना कळायलाच हवे. वर्षानुवर्षे त्यांनी ते सोसले आहे.

दफ्तरखाना

कागदपत्रांविषयी. वर्तमानपत्री कात्रणांवर सगळी मदार ठेवू नका. क्रमाने सांगतो.

सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे २००६ च्या समभाग विक्रीचे माहितीपत्रक, मसुदा आणि अंतिम. सेबीच्या संकेतस्थळावर सार्वजनिक निर्गमांच्या विभागात शोधा. विमानांची यादी, भाडेकरार, मार्ग, तोटा आणि विशेषतः 'जोखमीचे घटक' हे प्रकरण. कंपनीने स्वतःच्या सहीने लिहिलेल्या अडचणी तिथे मिळतात. वक्त्यांनी हे प्रकरण एकदा सलग वाचावेच.

प्रवाशांचे आकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मासिक तक्त्यांतून घ्या. तिथे एक चूक हमखास होते. कॅलेंडर वर्ष आणि आर्थिक वर्ष यांची सरमिसळ. तक्ता जानेवारी–डिसेंबर असतो, ताळेबंद एप्रिल–मार्च. एकाच आलेखात दोन्ही घातले की खोटे चढउतार दिसतात.

लोकसभा आणि राज्यसभेतली लेखी उत्तरेही फार उपयोगी. उडान योजनेतले मार्ग, अनुदान आणि मुंबईतल्या उड्डाणवेळांची टंचाई यावर खासदारांनी वारंवार प्रश्न विचारले आहेत. तारीख आणि प्रश्नक्रमांकासह उत्तर मिळते, म्हणजे सभेत कुणी आव्हान दिले तरी दाखवता येते.

अपघाताचा उल्लेख टाळू नका. ११ मार्च २००६ ला बेंगळुरूला उतरताना एअर डेक्कनचे एटीआर ७२ जोरात आदळून निकामी झाले, जीवितहानी झाली नाही. सनसनाटी छायाचित्र दाखवण्यापेक्षा चौकशी अहवालातला घटनाक्रम दोन वाक्यांत सांगा.

कोल्हापूरच्या सेवेच्या तारखा मात्र स्थानिक दैनिकांच्या जुन्या अंकांतूनच पक्क्या कराव्यात. दैनिकांच्या कार्यालयांतल्या बांधीव फायली आणि करवीर नगर वाचन मंदिर या दोन ठिकाणी चौकशी करा. शोधताना एक काळजी: 'सेवा सुरू होणार' अशी बातमी अनेकदा येते आणि ठरलेली तारीख पुढे जाते. म्हणून घोषणेची बातमी ग्राह्य धरू नका. विमान उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीचा अंक काढा, त्यात छायाचित्र आहे का पाहा. सेवा बंद झाल्याची तारीख याहून अवघड, कारण बंद पडल्याची बातमी क्वचित छापतात. तिथे वेळापत्रकाची चौकट कामी येते. रेल्वे-विमान वेळांच्या चौकटीतून नाव कधी गळले ते महिन्यामहिन्याने तपासा.

छायाचित्रांचे हक्क आधी मिटवा. विमानांची छायाचित्रे टाकणाऱ्या छंदिष्टांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक चित्राखाली छायाचित्रकाराचे नाव असते. जाहीर कार्यक्रमासाठी परवानगी मागितली तर बहुधा आनंदाने देतात. पण किमान तीन आठवडे आधी लिहा आणि ध्वनिचित्रमुद्रण नंतर समाजमाध्यमांवर टाकणार असाल तर तेही त्याच पत्रात कळवा. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन एअर डेक्कनने बोधचिन्ह म्हणून वापरला होता. ते चित्र सुटे घेऊन भित्तिपत्रकावर छापू नका. विमानाच्या छायाचित्रात ते दिसत असेल तेवढे पुरे.

मंचव्यवस्था

सभागृहाचे लिहितो. शाहू स्मारक असो की महाविद्यालयाचा हॉल, अडचणी त्याच येतात.

प्रोजेक्टर ४,००० ल्युमेनच्या खाली नको. व्याख्यानात लोक टिपणे घेतात, त्यामुळे पूर्ण अंधार करता येत नाही, आणि अर्ध्या उजेडात कमी क्षमतेच्या प्रोजेक्टरवर आलेखाच्या पिवळ्या रेषा दिसेनाशा होतात. एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे साधी वापरली की चित्र मधूनच जाते. लांब अंतराला सिग्नल वाढवणारी केबल मागवा आणि ती आदल्या दिवशी लावून अर्धा तास सलग चालवून पाहा. पाच मिनिटांच्या चाचणीत हा दोष पकडला जात नाही.

मराठी अक्षरांचा घोळ सर्वांत जास्त होतो. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांत दिसतो. सगळे युनिकोडमध्ये करा आणि सादरीकरणाची पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. पीडीएफमध्ये अक्षरे आतच बसलेली असतात. अक्षराचा आकार २८ च्या खाली नको, पडद्यावरच्या एका चित्रात चार ओळींहून जास्त नकोत. पन्नास मिनिटांना चौदा-पंधरा चित्रे पुरतात. त्यापुढे गेले की वक्ता चित्रांच्या मागे धावतो.

कॉलर माइक लावताना उपरणे किंवा जाकीट घासणार नाही असा लावा, खरखर त्यानेच होते. हातातला एक माइक प्रश्नोत्तरांसाठी वेगळा, आणि तो घेऊन फिरणारा कार्यकर्ता ठरलेला. माइक प्रश्नकर्त्याच्या हातात देऊ नका, कार्यकर्त्याने धरावा. नाहीतर प्रश्नाचे भाषण होते. नव्या बॅटऱ्या आदल्या रात्री नव्हे, कार्यक्रमाआधी अर्धा तास घाला.

एक दृश्य प्रयोग सुचवतो. खुर्च्या मांडतानाच पुढच्या १९ खुर्च्यांना एका रंगाची फीत बांधा, ४८ व्या खुर्चीपर्यंत दुसऱ्या रंगाची, १८० पर्यंत तिसऱ्या. म्हणजे बीचक्राफ्ट, एटीआर ४२ आणि ए३२०. वक्ता म्हणेल, "पहिल्या रंगातले सगळे बसले की विमान भरले." आकडा सांगून जे ठसत नाही ते लोक मान वळवून स्वतः पाहतात. मध्ये जाण्या-येण्याची वाट मात्र सोडा, सभागृहाच्या नियमाप्रमाणे.

तारीख ठरवताना शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल हंगाम पाहून घ्या. महत्त्वाच्या सामन्याच्या दिवशी तरुण श्रोता येणार नाही आणि शहरातली वाहतूकही अडते. संध्याकाळी सहाची वेळ छापून साडेसहाला सुरू करण्याची सवय या कार्यक्रमाला परवडणार नाही. वेळेवर सुटणाऱ्या विमानांबद्दल बोलायचे तर कार्यक्रमही छापल्या मिनिटाला सुरू व्हावा.

फळीवरचा_इतिहास

उडानच्या भागाबद्दल वर त्रोटक लिहिले होते, ते पुरे करतो, कारण कोल्हापूरकरांचे बहुतेक प्रश्न तिथलेच असतील.

योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली. निम्म्या खुर्च्या, किमान ९ आणि कमाल ४०, ठरलेल्या भाड्याने द्यायच्या. साधारण तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये ही मर्यादा. तूट भरून काढायला तीन वर्षे अनुदान, त्यातला २० टक्के भार राज्याचा, आणि त्या मार्गावर तीन वर्षे दुसरा कुणी नाही. पहिल्या फेरीचे वाटप मार्च २०१७ मध्ये झाले. त्यात एअर डेक्कनला मुंबईहून नाशिक, जळगाव, कोल्हापूर असे मार्ग मिळाले. नाशिक–जळगावची सेवा डिसेंबर २०१७ मध्ये आणि कोल्हापूरची एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली. विमान बीचक्राफ्ट १९०० डी, १९ आसनी. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत कंपनीने सेवा थांबवली.

इथे २००३ आणि २०१७ यांतला फरक ठळक करा. २००३ मध्ये मुंबई विमानतळावर उतरायला वेळ मिळत होती. २०१७ पर्यंत तिथली प्रत्येक उड्डाणवेळ सोन्याच्या भावाची झाली होती. १८० प्रवाशांचे विमान आणि १९ प्रवाशांचे विमान धावपट्टी जवळपास सारखाच वेळ अडवतात. उलट छोट्या विमानाला पुढच्या मोठ्या विमानामागच्या हवेच्या भोवऱ्यांपासून जास्त अंतर ठेवावे लागते. त्यामुळे मुंबईला लहान विमान नकोसे होते. अनुदानाने खुर्चीचे पैसे भरून निघतात, मुंबईतली वेळ विकत मिळत नाही. शिवाय ताफा दोन-तीन विमानांचा असला की एक दुरुस्तीला गेले तरी वेळापत्रक कोलमडते, राखीव विमान ठेवायची ऐपत नसते. योजना वाईट नव्हती. तिच्या दुसऱ्या टोकाला मुंबई होती, ही खरी अडचण.

'आपल्या स्टार एअरचे काय' असा प्रश्न नक्की येईल. घोडावत समूहाची ही कंपनी जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाली, ५० आसनी एम्ब्रेअर १४५ जेट घेऊन. पुढे एम्ब्रेअर १७५ आली. वक्त्यांनी तुलना करायचीच तर विमानाच्या आसनसंख्येची आणि मार्गांची करावी. चालू कंपनीच्या भवितव्याचा अंदाज व्यासपीठावरून वर्तवू नये. लोक आग्रह करतील, तरी नाही.

आणि १९३९ मध्ये छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात उभारलेल्या या विमानतळाचा उल्लेख सुरुवातीला एकदा, पूर्ण आदराने, पण दोन मिनिटांत. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे आणि तुमच्या मालेत पुढच्या वर्षी जरूर घ्या.

करवीरकर

सगळे टिपून घेतले. कालक्रम, चार नावांची फळी, धावपट्टीचे पट्टे, खडूने करायची दोन गणिते आणि खुर्च्यांच्या फिती असा आराखडा वक्त्यांनी मान्य केला आहे. माहितीपत्रक त्यांनी उतरवून घेतले. स्थानिक अंक शोधायचे काम आम्ही तिघांनी वाटून घेतले आहे. वेळापत्रकाच्या चौकटीची युक्ती फार उपयोगी पडणार.

खेपांच्या गणितात सूर्यास्ताची वेळ कोणत्या महिन्याची धरावी?

टर्बोप्रॉप

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा धरा, त्या सुमारास आपल्याकडे सूर्य सर्वांत लवकर मावळतो. मे महिन्यात तो जवळपास एक तास उशिरा मावळतो, म्हणजे तेच चाळीस मिनिटांचे विलंब उन्हाळ्यात पचतात आणि हिवाळ्यात पचत नाहीत. पण मे महिन्यात वर दिलेले ५,१०० फुटांचे गणित आडवे येते. दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी ठेवा.

कोल्हापूरचा अचूक सूर्यास्त पंचांगातून घ्या, मात्र पंचांग कोणत्या गावासाठी केलेले आहे ते मुखपृष्ठावर पाहून घ्या. मुंबईचे असेल तर काही मिनिटांचा फरक पडतो, आणि सभेत कुणीतरी तो नक्की काढेल.